कोरड्या खोलीतलं लोखंड

यांचा डबा ओट्यावरच राहिला होता. तो दिसला तेव्हा मला हसूच आलं. माणूस आकाशातून पडलेल्या लोखंडाच्या नादी लागला की त्याला पोटाची शुद्ध कुठली राहायला! डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि निघाले.

त्या दिवशी माझं मौन होतं. लेक आदल्या संध्याकाळी बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल झाली होती. याआधी दोनदा तिचं सुख हातातोंडाशी येऊन निसटलेलं. म्हणून या खेपेला मी देवाला सांगितलं होतं, ती सुखरूप मोकळी झाल्याचं कानावर येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. विहीणबाई तिच्यापाशी होत्या. हे अर्धा दिवस काम उरकणार आणि मग आम्ही दोघं तिकडे जाणार, असं ठरलं होतं. "तुझं मौन आहे तोवर घरात माझं राज्य," असं म्हणत हे सकाळी ऐटीत बाहेर पडले, आणि डबा विसरले.

यांचं काम वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या इमारतीत. दगड कापायचे, घासायचे, आरशासारखे चकचकीत करायचे. फाटकावरचा पहारेकरी मला ओळखतो. मी नुसतीच मान हलवली तशी तो म्हणाला, "काय वहिनी, अबोला धरला की काय साहेबांशी? धरा, धरा. तेवढाच त्यांच्या कानांना विसावा!" मी बोट ओठांवर ठेवून आभाळाकडे दाखवलं. त्याला कळलं असावं. त्याने हात जोडले.

ते लोखंड एका लोहाराकडून आलं होतं. कोरड्या ओढ्यात त्याला सापडलं, एवढ्याशा आकाराला न शोभणारं जड. त्याने त्याची ऐरण केली आणि बरीच वर्षं वापरली. मग एक दिवस स्वतःच गाडीत घालून इथे आणून टाकली. मोबदला नको म्हणाला. यांनी विचारलं, "एवढी चांगली ऐरण, का देतोस?" तर म्हणाला, "घाव मी घालतो साहेब, पण आवाज ती आपल्या वेळेला काढते."

हे त्यावर पोटभर हसले होते. रात्री जेवताना मला समजावून सांगत होते. लोखंड आहे, पण आपल्या कढईचं नव्हे. त्यात निकेल मिसळलेलं. कमी निकेलचं ते कॅमासाइट, जास्त निकेलचं ते टेनाइट, अशी दोन खनिजं एकमेकांत पट्ट्यापट्ट्यांनी वाढलेली. कापून आम्ल लावलं की कॅमासाइट झिजतं, टेनाइट चमकत राहतं, आणि विणलेल्या चटईसारखी नक्षी वर येते. मधे कुठे पितळी रंगाची गाठ, ती ट्रॉइलाइटची, म्हणजे लोखंड आणि गंधक. "माणसाच्या भट्टीत ही नक्षी होत नाही," हे म्हणाले. "कुठल्याशा फुटलेल्या ग्रहाच्या पोटात हे लोखंड निवत होतं. एक अंश निवायला हजारो वर्षं लागायची."

मला त्या लोखंडाची दयाच आली होती. एवढा काळ, एवढ्या अंधारात, कुणी ओळखीचं माणूस नाही की कुणाची हाक नाही.

यांच्या टेबलापाशी कुणी नव्हतं. डबा मी तिथेच ठेवला. पलीकडे कोरड्या खोलीत मात्र दिवा होता. दमट हवेत ते लोखंड आतून गंजतं, त्याला घाम फुटल्यासारखे थेंब येतात. म्हणून त्याच्यासाठी ही वेगळी खोली. जाड दार, कडेने रबर, आत हवेतला ओलावा शोषणारं यंत्र. हे आत असतील म्हणून मी डोकावले. हे नव्हते. मधल्या चौथऱ्यावर लोखंड होतं, एका बाजूने कापलेलं. कापलेल्या अंगावर ती चटई उमटली होती. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. आम्लाचा आणि सडक्या अंड्यासारखा वास मात्र नाकात बसत होता.

उंबऱ्यावर एक मातकट लाकडाचा तुकडा पडला होता. माझा हात कुठे स्वस्थ बसतो! वाटेत काय टाकलंय म्हणून मी तो उचलून आत कोपऱ्यात नेऊन ठेवला.

दार आपोआप मिटलं. तो तुकडा दार मिटू नये म्हणून लावलेला होता. आतली मूठ निखळलेली होती.

आधी मी घाबरले नाही. हे येतीलच, असं मनाशी म्हटलं. यंत्र घरघरत होतं. जीभ टाळूला चिकटायला लागली. थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली. यंत्राची नळी भिंतीतून बाहेर गेली होती, तिच्या कडेच्या फटीतून ऐकू आलं. यांचीच पावलं. मी तळहातांनी दार बडवलं.

"कोण आहे?" यांचा आवाज.

मी पुन्हा दार बडवलं.

आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मी आहे हो..."

माझा आवाज होता. घरात हाक मारते तस्सा. शेवटी जरासा चढणारा.

"अगं, तू? आणि तुझं मौन?"

"सोडलं. डबा टेबलावर ठेवलाय... मी मागच्या दाराने निघते. तुम्ही तिकडे गाडीपाशी या."

"बातमी आली का गं? बरी आहे ना पोर?"

"या तुम्ही... दिवा तेवढा मालवा."

मी वळून पाहिलं. चौथरा, यंत्र, लोखंड. दुसरं काही नव्हतं. माझे ओठ घट्ट मिटलेले होते, दोन्ही हात दारावर होते. एक शब्द बोलले असते तर! पण दवाखान्यातल्या लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ओठ उघडेनात.

दिव्याचं बटण बाहेर होतं. ते वाजलं. अंधार झाला. पावलं लांब जायला लागली.

तेव्हा मनात आलं, देव काही एवढा कठोर नाही. त्याला माझ्या लेकीची काळजी आहे तशी माझीही असेल. मी त्याची क्षमा मागितली, छाती भरून श्वास घेतला आणि यांना हाक मारली.

आवाज आला नाही. घसा ताणला, पुन्हा मारली. नुसती हवा. दिवसभर जे मी बाजूला ठेवलं होतं, ते जागेवर नव्हतं.

अंधारात, अगदी जवळ, कुणीतरी हलकेच खाकरलं. घसा साफ करावा तसं. मग माझ्याच आवाजात लेकीचं लाडकं नाव पुटपुटलं, एकदा... दोनदा... पाठ करावं तसं. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि कानांवर हात घेतले. मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. ते पुटपुटणं थांबलं तेव्हा यंत्राची घरघर तेवढी उरली. ते बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दार उघडलं ते यांनीच. घामाघूम झालेले. "मागच्या दाराला तर आतून कडी! मग म्हटलं ही गेली कुठून? अगं, मला वाटलं तू मागच्या बाजूने बोलतेयस, आणि तू आतच?" मी घशाकडे बोट दाखवलं. यांनी पाणी पाजलं. "कोरडा पडला असेल. त्या खोलीत कुणाचाही पडेल. चल, आधी पोरीला फोन लावू."

पहारेकऱ्याच्या टेबलावरून यांनी फोन लावला. ऐकता ऐकता यांचे डोळे भरून आले. "मुलगी झाली! दोघीही छान आहेत!" पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या. यांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "फिटलं तुझं मौन. घे, बोल तिच्याशी, नुसतं हं म्हण. मी गाडी काढतो." आणि धावत गेलेसुद्धा. पहारेकरी फाटक उघडायला त्यांच्या मागे गेला.

मी रिसीव्हर कानाला लावला. लेक थकलेली होती, पण हसत होती. माझ्या जिवाला केवढा थंडावा मिळाला.

"बाबा? बोला ना."

मी ओठ हलवले.

"बाबा, गप्प का? आनंदाने बोलती बंद झाली वाटतं! अहो, आईला आधी पाठवलंत ते फार बरं केलंत. सासूबाई औषधं आणायला खाली गेल्यात, मला उठवत नाहीये. आई पडद्यापलीकडे बाळाला घेऊन बसलीय. किती वेळ तिच्याशी बोलतेय, बाळ कसं शांत झालंय..."

मी रिसीव्हरवर नखांनी टकटक केली. तळहात आपटला. बाहेर यांची गाडी सुरू होत होती.

"काय आवाज येतोय हा? ऐकू येत नाहीये का? थांबा, आईकडेच देते. आई... अगं घे, बाबा आहेत."

पडद्याच्या कड्या सरकल्या. कापडाची सळसळ झाली. माझ्या नातीचा इवलासा श्वास फोनच्या अगदी जवळ आला.

"हं," माझा आवाज म्हणाला, "बोला..."