लंगडीचे बूट

फोन वाजला तेव्हा ओफेलिया कॉफी ओतत होती. प्लास्टरमधला पाय स्टुलावर, कुबडी फ्रिजला टेकवलेली.

"मावशी, तिजोरी रिकामी आहे."

"कुणाची?" ओफेलिया ताठ बसली. पोलीस खात्यात फसवणुकीच्या गुन्ह्यांमागे तिची अर्धी हयात गेली होती. तिजोरी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे बँकच यायची.

"आपली! गेममधली! वर्षभर जमवलेली हत्यारं, चिलखतं, सगळं गेलं." यारेत्सीचा आवाज चिरकला, मग एकदम खाली आला. "तुझे बूट तेवढे राहिलेत."

"म्हणजे काय?"

"ते तूच सांग."

फोन बंद झाला. कॉफी कपाबाहेर सांडली होती, तिकडे ओफेलियाचं लक्षच गेलं नाही.

यारेत्सी तिच्या बहिणीची मुलगी. बहीण कामाला म्हणून टेक्सासला गेली ती तिकडचीच झाली. पोर ओफेलियानं वाढवली. गेल्या वर्षी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि यारेत्सी दार आपटून पाचूका शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली. त्यानंतर बोलणं म्हणजे वाढदिवस आणि नाताळ, तेही तोंडदेखलं.

मग ओफेलियाचा पाय मोडला. कोर्टाच्या पायऱ्यांवर, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घसरून. आरोपीमागे धावताना मोडला असता तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. यारेत्सी भेटायला आली ती व्हिडिओ गेमचं खोकं घेऊनच. "घरी बसून भिंतींची उलटतपासणी घेशील. त्यापेक्षा हे खेळ."

गेमचं नाव 'शेवटची खाण'. एका ओसाड ग्रहावरच्या खाणींत चौघांनी मिळून उतरायचं, अंगावर येणारी यंत्रं गोळ्या घालून पाडायची. यंत्र पडलं की त्यातून काहीबाही सांडतं. कधी झकास बंदूक, कधी नुसती गंजकी काडतुसं. ते वेचायचं, आपल्याला हवं ते ठेवायचं, उरलेलं टीमच्या तिजोरीत टाकायचं.

पहिल्या संध्याकाळी ओफेलियानं छताला गोळ्या घातल्या, दोनदा खड्ड्यात पडली आणि हातबॉम्ब स्वतःच्याच पायावर टाकला. मोटरसायकलवरून लोकांची जेवणं पोचवणारा एफ्राइन माईकवर पोट धरून हसला. "इथंही पाय मोडला की! हिचं नाव लंगडी." तेच नाव पडलं.

न हसणारा एकच होता. कोपऱ्यावरचा पावभट्टीवाला गुमारो. विधुर, साठीला टेकलेला, हाताला कायम पिठाचा वास. तो रोज थोडा आधी यायचा आणि तिला शिकवायचा. कसं वाकायचं, कशामागे लपायचं, यंत्राच्या कुठल्या सांध्यावर नेम धरायचा. 'अहो ओफेलियाबाई, घाई नको,' म्हणायचा.

मग एके दिवशी त्यानं सगळ्यांसमोर तिला बूट दिले. सोनेरी, खाणीतल्या आगीत न जळणारे.

"पोरगी पंधराची झाली की मेजवानीत बुटांचा एक पाद्रिनो, म्हणजे मानलेला बाप, लागतो," तो म्हणाला. "केकचा वेगळा, मुकुटाचा वेगळा, बुटांचा वेगळा. हिच्या बुटांचा मी."

"एक्कावन्न वर्षांची पंधराची पोरगी!" एफ्राइन ओरडला. यारेत्सीही हसली. वर्षभरानं ओफेलियाच्या कानावर ते हसू पडलं होतं.

बूट घालायला विसावी लेव्हल लागत होती. ओफेलिया अकराव्यावर. म्हणून ते तिजोरीत राहिले. त्या दिवसापासून गुमारो तिला 'अगं, तू' म्हणू लागला आणि तीही त्याला.

पुढे एकदा दोघंच खेळत होती. अंधाऱ्या बोगद्यात ती पुन्हा पुन्हा त्याच फाट्याशी येऊन अडकायची. "डावीकडे, पोरी," तो सांगायचा. "फाटा आला की डावीकडे." बाहेर आल्यावर म्हणाला, "तिजोरीत बुटांशेजारी एक दिवा ठेवलाय. तोही पाद्रिनोकडून. लेव्हल वाढली की वापर. त्या दोघांना बोलू नकोस हं, चिडवून जीव खातील." ती बोलली नाही. मात्र आपण संध्याकाळची वाट पाहतो, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

आता तिनं गेम उघडला आणि तिजोरीत गेली. रांगाच्या रांगा मोकळ्या. मधोमध सोनेरी बूट, शेजारी तो दिवा.

तिनं यारेत्सीला फोन लावला.

"चौकशी करतेय. नीट उत्तरं दे. तिजोरी उघडायला काय लागतं?"

"पासवर्ड. चौघांनाही माहीत आहे. काल तूच पुन्हा विचारलास."

"विसरले होते."

"बरोब्बर कालच?"

"काय कुणी नेलं, ते गेम सांगतो?"

"नाही. तिजोरी सगळ्यांची, ज्याला हवं त्यानं घ्यावं. भरवशावर चालतं ते." शेवटचं वाक्य तिनं जरा जोरात म्हटलं.

"फालतू मालाचं काय झालं?"

"तोही गेला. गंजकी काडतुसंसुद्धा झाडून नेली."

"मग दिवा का राहिला?"

"मावशी, तो भंगार आहे. कोण नेईल?"

"काडतुसांपेक्षा भंगार?"

"नाही. काडतुसं त्याहून भंगार. पण त्यानं काय होतं? चोर स्वतःच्या वस्तू कशाला चोरेल? सगळ्यांचं गेलं, तुझंच शाबूत. रविवारी खाणीतल्या सातव्या खंदकात उतरायचं होतं गं. वर्ष घातलं मी त्यात." तिला रडू आवरत नव्हतं. "एफ्राइन म्हणतो, तुला टीममधून काढायचं. मी हो म्हटलंय."

"आणि गुमारो?"

"तो काहीच बोलला नाही."

ओफेलियाला लागलं ते टीममधून काढण्याचं नव्हे. खोट्या सह्या करणारे, विधवांना लुबाडणारे लोक तिनं आयुष्यभर पाहिले होते. आपल्या हातची पोर आपल्यालाच त्यांच्यात बसवते, हे तिला सोसवेना. टीममधून गेलं की रोज संध्याकाळी कानावर पडणारा पोरीचा आवाजही गेला. पुन्हा वाढदिवस आणि नाताळ.

एफ्राइननं भर रहदारीत फोन उचलला. मागे हॉर्न कोकलत होते.

"बोला लंगडीबाई. माल परत देताय का?"

"तुला कुठल्या दुसऱ्या टीमकडून बोलावणं होतं का?"

"पोलिसी डोकं! हो, होतो गेलो विचारायला. मोंतेर्रेची 'कावळे' टीम आहे ना, त्यांना माणूस हवा होता. म्हणाले, मोकळ्या हातानं येऊ नका, हत्यारं घेऊन या."

"मग?"

"मग काय? काल सकाळी कळवलं, जागा भरली. माझं नशीबच पांगळं. तुमच्या पायासारखं."

"तिजोरीत एक दिवा राहिलाय. कुणाचा?"

"कसला दिवा? हां, ते डबडं? असेल कुणाचं तरी. मी असतो तर कधीच फेकून दिलं असतं. मघाशी यारेत्सी म्हणाली तेव्हा कळलं, असलं काही होतं म्हणून. बरं, माझं गिऱ्हाईक उपाशी बसलंय."

ओफेलिया बराच वेळ फोन हातात धरून बसली. उत्तर तिच्या मनात येऊन उभं राहिलं होतं. ते चूक निघावं म्हणून ती जमेल तेवढ्या वाटा शोधत होती. ही सवय तिच्या नोकरीत कधीच नव्हती.

संध्याकाळी गुमारो आला. नेहमीसारखा, हातात कागदी पिशवी, आत बटाटा-खिम्याचं सारण भरलेले गरम पास्ते.

"खा गं. रिकाम्या पोटी विचार करू नये."

"तुला काय वाटतं, मी नेलं?"

"छे! माझा नाही विश्वास."

"मग तसं यारेत्सीला का नाही सांगितलंस?"

"तरुण पोरं ती. तापलेली आहेत. निवळू दे जरा."

"तू तिजोरी पाहिलीस?"

"पाहिली."

"काय राहिलंय?"

"तुझे बूट."

"आणखी?"

तो पिशवीची घडी उलगडू लागला. "आणखी काय असणार? बूटच."

ओफेलियानं पास्तेचा तुकडा मोडला. तो न खाताच तिनं पिशवीत परत ठेवला.

रविवारी दुपारी तिनं तिघांना घरी बोलावलं. यारेत्सी दाराशीच उभी राहिली, पर्सही खांद्यावरून उतरवली नाही. एफ्राइन हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. गुमारोनं पिशवी टेबलावर ठेवली. ओफेलियानं टीव्हीवर तिजोरी लावली होती. बूट आणि दिवा.

"कबुली देणार असाल तर पटकन द्या," एफ्राइन म्हणाला. "मला तीन ठिकाणी जायचंय."

"देणार आहे. पण माझी नाही. आधी बुटांचं बघू. बूट माझे, हे चौघांनाही माहीत होतं. ते तेवढे मागे ठेवले की बोट माझ्याकडे वळणार. म्हणजे मला अडकवायचं असेल तर ते तू करू शकत होतास, एफ्राइन. यारेत्सीही करू शकत होती."

"मी?" यारेत्सी उसळली.

"ऐक. बुटांवरून काहीच ठरत नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवले. दिवा उरला. चोरानं गंजकी काडतुसंही सोडली नाहीत, म्हणजे दिवा नजरचुकीनं राहिलेला नाही. मुद्दाम ठेवलाय. एफ्राइन, हा दिवा कुणाचा?"

"मला काय ठाऊक?"

"यारेत्सी?"

"भंगारातला असेल, एवढंच वाटलं मला."

"तो माझा आहे. मला भेट मिळालेला, कुणाच्या नकळत. हे दोनच माणसांना माहीत होतं. एक मी." तिनं गुमारोकडे पाहिलं नाही. तिला ते जमलं नाही. "मला फसवायला कुणी ठेवला असता, तर त्याला आधी हा माझा आहे हे कळायला हवं होतं. या दोघांना कळलेलं नव्हतं. मी नेलं असतं, तर मी काढून टाकली जाणार आणि तिजोरी मला बंद होणार, हे माहीत असून माझ्या वस्तू आत कशाला ठेवल्या असत्या? राहिलं एकच माणूस. परवा मी त्याला विचारलं, काय राहिलंय. तो बूट म्हणाला. शेजारचा दिवा त्याच्या तोंडून निघाला नाही."

एफ्राइनच्या मांडीवरचं हेल्मेट घरंगळून खाली पडलं.

"'कावळ्यां'ची जागा," तो हळूच म्हणाला. "ती तुम्ही भरलीत? गुमारोकाका?"

गुमारो टेबलावरची पिशवी सरळ करत राहिला. "त्यांनी आपणहून बोलावलं रे. माझा नेम पाहून. या वयाच्या माणसाला कोण बोलावतं? मोकळ्या हातानं येऊ नका म्हणाले. मी सांगणारच होतो. रोज उद्या सांगू, उद्या सांगू..."

"माझं वर्ष गेलं त्यात!" यारेत्सी ओरडली. "आणि मी मावशीला..."

"दिवा आणि बूट का ठेवलेस?" ओफेलियानं विचारलं.

"पाद्रिनोनं दिलेलं परत घेत नसतात." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "सगळं उचललं, पण त्याला हात लागेना. निदान तुझं तरी राहावं, असं वाटलं. शप्पथ सांगतो."

तो खरं बोलत होता. तिनं हजार खोटी तोंडं पाहिली होती आणि हे त्यातलं नव्हतं. खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"माझं भलं करायला ठेवलं आणि त्यावरूनच मी चोर ठरले. त्याच दिवशी कळलं ना हे? तरी गप्प राहून माझ्याच घरात बसून पास्ते खाल्ले. हत्यारं न्यायची होती तर न्यायची. माझी पोर माझ्यापासून तुटत होती, हे दिसत होतं ना?"

"ओफेलिया, तू जरा..."

"तुम्ही," ती म्हणाली. "गुमारो, तुम्ही आता घरी जा."

तो उठला. दार हळूच ओढून घेऊन गेला. पिशवी टेबलावरच राहिली. यारेत्सी ओफेलियाच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागली. "मावशी, मी कसं म्हटलं गं तुला तसं?" ओफेलिया तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे तिला परत मिळालं होतं. त्यातच तिनं समाधान मानायचं ठरवलं.

हत्यारं परत आली नाहीत, 'कावळ्यां'नी ती आधीच वाटून घेतली होती. यारेत्सी डोळे पुसून म्हणाली, "पहिल्यापासून जमवू. तिघं."

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ओफेलिया विसाव्या लेव्हलला पोचली. तिजोरीत जाताच पडद्यावर प्रश्न आला: बूट घालायचे? तिनं नाही म्हटलं. दिवाही तिथंच राहू दिला आणि एकटीच बोगद्यात उतरली.

फाटा आला. ती थांबली. कानावरचे हेडफोन तिनं उगाच नीट केले आणि सवयीनं वाट पाहिली.

कुणी काही बोललं नाही. मग ती आपली आपण डावीकडे वळली.