न सरकणारी रेषा

पुण्याच्या विमानवैद्यक प्रयोगशाळेत शलाका बोंद्रे डोळे चोळत बसली होती. सलग अकरा दिवस विमानात ट्रॉली ढकलून आलेली बाई. पाय सुजलेले, डोकं जड. थकवा ओळखायला मनगटावर बांधलेल्या दक्षतापट्टीचा दिवा मात्र खुशाल हिरवा होता.

पट्टी आली आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीचे जुने नियम गेले. दिवा हिरवा असला की चढायचं, लाल झाला की उतरायचं, इतकं सोपं. लाल कुणाचाच होत नव्हता, म्हणून नभसेतू विमान कंपनी खूश होती. कर्मचारीही, खरं सांगायचं तर, हिरव्या दिव्याचा तोरा मिरवत. पगार विमानाचं दार बंद झाल्यापासून ते उघडेपर्यंतच्या वेळेचाच मिळे. प्रवाशांना बसवणं, बॅगा कोंबणं, दोन विमानांमध्ये ताटकळणं, हे सगळं फुकट. मग भागवायला माणसं एकमेकांच्या फेऱ्या मागून घेत आणि रजेचं नावही काढत नसत.

"निकिताचा दिवासुद्धा हिरवाच होता, डॉक्टर," शलाका म्हणाली.

निकिता सोनटक्के चोवीस वर्षांची. दार उघडण्याआधी आणीबाणीची घसरगुंडी निकामी करायची असते, ते ती विसरली. दार उघडताच घसरगुंडी फाडकन फुगली आणि बाहेर शिडी लावणाऱ्या माणसाचा खांदा मोडला. दिवा हिरवा, म्हणजे थकवा नव्हता. म्हणजे हा शुद्ध निष्काळजीपणा, असं म्हणून कंपनीने तिला काढून टाकलं. शलाका कर्मचारी संघटनेची चिटणीस. निकिताची सुनावणी दीड महिन्यावर आली होती.

डॉक्टर यशोधन टिकेकरांनी चष्मा काढला. पट्टी त्यांनीच बनवलेली, त्यामुळे पुढचं बोलणं त्यांना जड गेलं.

"शलाकाताई, पट्टीला थकवा कळत नाही. तिला फरक कळतो. तुमची नाडी, हाताची हालचाल, त्वचेतली ओल यांची गेल्या तीस दिवसांची सरासरी काढून ती एक रेषा आखते. त्या रेषेपासून शरीर फार खाली घसरलं की लाल. कशामुळे घसरलं, हेही तिला कळत नाही."

"आणि महिनाभर माणूस दमलेलंच असलं तर?"

"तर रेषाच खाली सरकते. दमलेलं असणं हेच पट्टीच्या लेखी ठीक."

शलाकाला राग आला होता, आणि निकिताला आपणही मनातल्या मनात थोडा दोष दिला होता याची लाजही वाटत होती.

उपाय एकच होता. कुणीतरी तीस दिवस नीट विश्रांती घ्यायची, रेषा जागेवर आणायची आणि मग नेहमीची ड्युटी करून दाखवायची. बिनपगारी महिना काढायला घरदार असलेलं कोण तयार होणार? शलाकाच्या घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. ती प्रयोगशाळेच्या पाहुणेखोलीत राहायला आली.

पहिले काही दिवस ती नुसती झोपली. महिन्याभरात फोन आले ते संघटनेच्या कामाचे. कशी आहेस, असं विचारायला एकही नाही. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वीस वर्षं हॉटेलच्या खोल्यांत राहिलेल्या बाईला त्यात नवीन ते काय? पण प्रयोगशाळेचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मालनमावशींना ते पटेना. पहिल्याच दिवशी त्या स्वतःचं ताट घेऊन समोर येऊन बसल्या.

"मावशी, तुम्ही कशाला थांबलात? मी जेवते की."

"जेवशील गं. दोन घास खाऊन उठशील, आणि उरलेली भाजी माझ्या गळ्यात."

तीसही दिवस दोघी समोरासमोर जेवल्या. मावशींच्या सुनेच्या तक्रारी शलाकाला तोंडपाठ झाल्या.

एकतिसाव्या दिवशी तिने नेहमीची चार विमानांची ड्युटी घेतली. तिसऱ्या विमानातच दिवा लाल झाला. कंपनी म्हणाली, पट्टी बिघडली. पट्टी तपासली, ती चोख निघाली.

निकाल लागला. निकिता कामावर परत आली, आणि कंपनीला संघटनेशी नवा करार करावा लागला. पगार कामावर हजर झाल्या क्षणापासून सुरू झाला. प्रत्येकाला पाळीपाळीने पगारी महिनाभर विश्रांती, आणि त्या महिन्यात ठरलेली रेषा कायमची. ती पुन्हा खाली सरकू द्यायची नाही. शलाकाची रेषा प्रयोगशाळेतल्या महिन्याचीच धरली गेली. ही अट शलाकानेच हट्टाने घालून घेतली होती. दिवा लाल झाला तर घरी थांबायचं आणि खरं कारण लिहून संघटनेच्या चिटणिसाकडे पाठवायचं, हेही तिचंच कलम. निकिता गळ्यात पडून रडली, पेढे वाटले गेले, आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले.

शलाकाही गेली. चार दिवस सुट्टी होती. ती वेळेवर झोपली, वेळेवर उठली. पाचव्या दिवशी सकाळी ड्युटीचा गणवेश घालून, पट्टी बांधून ती पोहे खायला बसली. समोरची खुर्ची तिने नकळत जरा मागे ओढून ठेवली होती. दोन घास झाले आणि मनगटावर लाल उजेड पडला.

तिने पट्टी काढून पुसली, परत बांधली. लालच. आठ तास झोप झाली होती, अंगात ताप नव्हता. वीस वर्षं हे घर असंच होतं आणि दिवा कधी लाल झाला नव्हता. आता होणार होता, कारण रेषा सरकणार नव्हती.

तिने फोनवर लाल दिव्याचा अर्ज उघडला. नाव, शलाका बोंद्रे. प्रति, चिटणीस शलाका बोंद्रे. कारणाच्या रकान्यात तिने 'थकवा' असं लिहिलं आणि खोडलं. खोटं कारण एकदा जरी सापडलं तरी कंपनी उद्या सगळ्यांच्याच लाल दिव्यांवर बोट ठेवील, हे तीच प्रत्येक सभेत बजावत आली होती.

तिने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिने लिहिलं, "एकटीने जेवत होते." अर्ज पाठवला. क्षणभराने तिच्याच फोनवर तो वाजला, आणि चिटणीस म्हणून तिने तो उघडून वाचला.