वकील उठेपर्यंत

वकील लिफ्टच्या दारातच बसला होता. दार मिटायला यायचं, त्याच्या अंगाला लागायचं आणि दचकून मागं जायचं. वरच्या मजल्यावर खोळंबलेली माणसं दार बडवत होती. वकिलाला त्याचं काही नव्हतं.

वकील म्हणजे कुत्रा. सोनेरी केसांचा, पडक्या कानांचा, आणि कुणी दोन वाक्यं बोललं की मध्येच एकदा भुंकून हरकत घेणारा. म्हणून वकील.

ती पट्टा धरून शांत उभी होती. जिन्यावरून पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस उतरला आणि थबकला.

"उचलू का?"

"नको. उठतो तो. वेळ घेतो, पण उठतो."

"ते ठाऊक आहे मला. मी तुम्हाला नव्हतं विचारलं... त्याला विचारलं."

वकिलानं हरकत घेतली. मग पुढचे पाय रोवले, मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम ओढले आणि उभा राहिला. जाता जाता लाळेची एक लांब तार त्या माणसाच्या कोटावर ठेवून गेला.

"पोच दिली तुम्हाला," ती म्हणाली आणि हसली. त्या माणसानं कोट पुसला नाही. पुढं दिवसभर पुसला नाही, असं लोक सांगतात. लोकांना काय, सांगायला काहीतरी लागतंच.

वकिलाचा आजार स्नायू झिजण्याचा. आईकडून येतो, आई स्वतः ठणठणीत असते आणि भोगतात ते मुलगे. माणूस आणि कुत्रा यांत फरक करण्याची अक्कल या आजाराला नाही. दोघांच्या रक्तात चूक तीच, चालही तशीच बिघडते. म्हणून तर गावाबाहेरच्या त्या केंद्रात वकील आणि त्याचे भाईबंद पाळले होते. जे औषध त्यांना लागू पडेल ते उद्या माणसांच्या मुलांना देता येईल, ही आशा. आणि ती तिथं आली होती ती घरी धाकटा भाऊ होता म्हणून. त्याला तोच आजार. माणसांना चालवायचं शिक्षण घेतलेली ही बाई आता आणखी दोन परीक्षकांबरोबर कुत्र्यांच्या चालीला गुण देत होती.

केंद्राच्या प्रमुख, थोरल्या बाई, यांनी दोघांना समोर उभं केलं.

"हे सुया देतात. कुणाच्या सुईत औषध आणि कुणाच्या नुसतं मीठपाणी, ते फक्त यांना माहीत. तू गुण देतेस. तुला ते कळलं, की तुझे गुण फुकट आणि आमची मेहनतही फुकट. तेव्हा कुत्र्यांबद्दल एकमेकांशी अवाक्षर नाही."

"आणि बाकीच्याबद्दल?" त्यानं विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बाकीचं काय बोलायचंय तुम्हाला?"

प्रेमाच्या आड यायला जगात बाप आहेत, बदल्या आहेत, शेजारी आहेत. इथं शास्त्र आडवं आलं. ज्या एका गोष्टीत दोघांचा जीव अडकला होता, तेवढीच बोलायची नव्हती. मग दोघं चहाच्या टेबलाशी हवामानावर बोलू लागली. इतकी बोलली, की पावसाला संकोच वाटावा.

"आज कानातलं वेगळं आहे तुमचं."

"दोन कानांत दोन वेगळी आहेत. घाईत घातली."

"उजवं मला दिसतच नाही. तुम्ही नेहमी याच बाजूला बसता."

"तुम्ही हीच बाजू रिकामी ठेवता... म्हणून."

यावर तो वर छताकडे पाहू लागला. अडचणीत आला की छताकडे पाहायची त्याची रीत होती. वकील समोरून गेला की छत, वकिलानं शेपूट हलवली की छत. त्या छताला किती भेगा आहेत ते गवंड्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असावं.

घरी धाकट्यानं ओळखलंच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा चाकांच्या खुर्चीतून सगळ्या घरावर राज्य करी.

"ताई, तुझ्या सुईवाल्याला पत्ते खेळायला आण. बघू तरी चेहरा कसा आहे."

सुईवाला आला आणि सगळे डाव हरला. हातात राणी आली की कान लाल, दुर्री आली की ओठ वाकडे.

"अहो, तुमचा चेहरा आहे का जाहिरातीचा फलक?" धाकटा म्हणाला. "तुम्ही गुपित कसं काय सांभाळता?"

"वर बघतो."

"मग खेळतानाही वर बघा की!"

"इथं हरलो तर चालतं मला," तो म्हणाला. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या ताईला ट्रेमध्ये काय आहे ते क्षणभर आठवेना.

त्या दिवशी धाकट्याचा पेला तोंडापर्यंत पोचला नाही. अर्ध्या वाटेत हात थांबला. सुईवाल्यानं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. फक्त आपलाही पेला खाली ठेवला आणि धाकट्यानं दुसऱ्यांदा उचलेपर्यंत थांबला. मग दोघं बरोबर प्यायले.

आणि त्याच आठवड्यात वकील उठला! म्हणजे रोज उठायचाच, पण त्या दिवशी तिला पाहून तो जवळपास झटक्यात उठला आणि अंगणाची पायरी चढला. गुणांचा कागद टेबलावर टाकून ती थेट औषधांच्या खोलीत शिरली.

"बोलू नका. फक्त मान हलवा. वकिलाला औषध आहे ना?"

तो छताकडे पाहू लागला.

"खाली बघा. माझ्याकडे बघा."

त्यानं पाहिलं. "नाही."

"नाही म्हणजे औषध नाही, की सांगणार नाही?"

"नाही म्हणजे... नाही."

"पेला बघितलास ना त्याचा? तुझा भाऊ असता तर?"

'तुम्ही'चं 'तू' झाल्याचं दोघांनाही कळलं. पण अशा वेळी कोण बोलून दाखवतं?

"माझा भाऊ असता तर मीच विचारायला आलो असतो. आणि तू सांगितलं नसतंस."

"सांगितलं असतं! लगेच सांगितलं असतं."

"मग बरं झालं..." तो हळूच म्हणाला, "सुया माझ्याकडे आहेत."

ती निघून गेली. त्यानंतर हवामानही बंद झालं. ती चहाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली आणि तो रिकाम्या खुर्चीशेजारी चहा गार करू लागला. धाकट्यानं एकदाच विचारलं, "भांडलात?" ती म्हणाली, "मला एक साधी गोष्ट हवी होती, ती दिली नाही." धाकटा पत्ते पिसायचा प्रयत्न करत म्हणाला, "माझ्यासाठी होती ना? मग मला विचारायचंस. मी सांगितलं असतं, मागू नकोस."

निकालाचा दिवस आला. सगळे एका खोलीत बसले. बाई एकेका कुत्र्याचे गुण सांगत आणि सुईवाला उभा राहून त्याला काय टोचलं ते सांगे. ज्यांना औषध होतं त्यांची चाल टिकली होती, श्वासही. कुणी धावायला लागलं नव्हतं, पण घसरण थांबली होती. हातातला पेला तोंडापर्यंत पोचत राहणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं तिथं कुणाला ठाऊक होतं?

"वकील," बाई म्हणाल्या. "दोन परीक्षकांनी उतरते गुण दिलेत. एकीनं चढते."

तो उभा राहिला. या खेपेला त्यानं छताकडे पाहिलं नाही, तिच्याकडेच पाहिलं.

"वकील... मीठपाणी."

सगळे गेल्यावर ती वकिलाला घेऊन लिफ्टपाशी आली. वकील नेमानं दारात बसला. दार आलं, दचकलं, मागं गेलं. तो मागोमाग जिन्यावरून उतरला होता.

"मला तो रोज बरा दिसत होता," ती म्हणाली.

"मलाही दिसायचा."

"तुला? तुला तर माहीत होतं!"

"हो ना. माहीत होतं, तरी दिसायचा."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी यानं मान हलवली असती, तर आज खोलीत कुणाचाच कुणाच्या गुणांवर विश्वास बसला नसता. आणि मान हलवणं त्याला किती सोपं होतं!

"बाईंना विचारलंय मी," तो म्हणाला. "उद्यापासून वकिलाला खरं औषध."

वकिलानं हरकत घेतली नाही.

"माझ्या नजरेचा काही भरवसा नाही," तिनं डोळे पुसले. "आवडला की जास्तच गुण देते."

"मला... किती दिलेस?"

"एकटीचे गुण चालत नाहीत, ऐकलंस ना आत्ता? दुसरा परीक्षक घरी बसलाय, पत्ते घेऊन."

"तो तर मला नापासच करणार."

"केलंय त्यानं. पत्त्यांत. बाकीच्यात पहिला आणलाय."

तो हसला, मग गंभीर झाला. कान लाल झाले, ओठ वाकडे झाले. नजर वर निघाली होती, ती त्यानं महत्प्रयासानं खाली आणली.

"मला तुला... म्हणजे कुत्र्यांबद्दल नाही... मी कधीपासून..."

"मदत करू का?"

"नको. वेळ घेतो मी, पण..."

वरच्या मजल्यावरची माणसं दार बडवू लागली. ती वकिलाशेजारी जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसली.

"बडवू दे त्यांना," ती म्हणाली. "तू घे वेळ."