फरशीमागचे तळवे

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी चहाची वाट बघतात. प्रवीण कुंभार आधी बाथरूम बघून यायचा. बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायची, फरशी भरीव वाजली की खूश, पोकळ वाजली की यजमानांच्या चहाची चव गेलीच म्हणून समजा. कराडातल्या आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग त्याच्या हातचं होतं, आणि बोलायला त्याच्याकडे दोनच विषय होते, ओल आणि ओलीवरचा इलाज. त्याची बायको सुवर्णा पाहुण्यांना हसत सांगायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा यांनी आधी मांडव गळतोय का ते बघितलं, मग माझ्याकडं!"

आज तो स्वतःच्याच बाथरूममध्ये टकटक करत होता. सुवर्णा गेल्यापासून त्याने या दाराची कडी काढली नव्हती. मागच्या अंगणातल्या मोरीत तो कशीबशी आंघोळ उरकायचा. पण ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता. लेकीचे लाड करायला आई नाही, निदान तिच्या आणि बाळाच्या आंघोळीला धड जागा असावी, एवढं त्याने मनावर घेतलं होतं. नळाच्या वरच्या दोन फरश्या पोकळ वाजत होत्या. म्हणून सगळी भिंतच सोलून नव्याने करायची होती.

"पप्पा, एखादा माणूस लावा की ओ," ऋतुजा बाहेर खुर्चीवर बसून म्हणाली. "तुमचे गुडघे काय म्हणतील?"

"माझ्या नातवंडाच्या न्हाण्याला दुसऱ्याचा हात लावू देतो होय?" तो म्हणाला. "तू जरा लांब बस. धूळ उडतीय."

नदीतली वाळू उपसायला बंदी आली, तेव्हापासून या भागात घरांच्या आतल्या भिंती उसाच्या चिपाडांच्या दाबीव फळ्यांच्या होऊ लागल्या होत्या. हलक्या, स्वस्त, उन्हाळ्यात गार. त्यांवर बसवायच्या फरश्याही जाड पुठ्ठ्याएवढ्याच, जरा लवणाऱ्या. खोड एकच. पाणी लागलं की फळी चहात बुडवलेल्या पावासारखी फुगायची, आणि नुसता हात टेकला तरी केसभर आत दबायची. भिंत दबली की नेहमीचा लेप तडकणारच. त्यावर उपाय म्हणून जैवलेप निघाला. कामावरची माणसं त्याला जिता लेप म्हणत. त्यात जिवाणू झोपवून ठेवलेले असत. लेपाला चीर पडून ओल आत शिरली की ते जागे होत, चुनखडी तयार करून ती चीर बुजवत आणि पुन्हा झोपी जात. अंगावरची जखम भरून यावी, तशी भिंत आपली आपणच भरून येई.

पण लेप जिता असला तरी खालची तयारी माणसालाच करावी लागते, हे प्रवीण सगळ्यांना बजावून सांगायचा. फळ्यांच्या सांध्यांवर जाळीची पट्टी बसवायची. भिंत जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई काढायची, धूळ पुसून घ्यायची. मग लेपाचे दोन हात, एक उभा, एक आडवा, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. फरशी सगळ्यात शेवटी.

म्हणूनच या दोन फरश्या पहिल्यांदा पोकळ वाजल्या, तेव्हा त्याला फार लागलं होतं. सुवर्णा तेव्हा होती. गावाला शिकवणाऱ्याच्या घरातच लेप उचलला, म्हणजे आपणच कुठेतरी घाई केली असणार, असं म्हणत तो दिवसभर स्वतःवर चिडला होता. शेवटी पिचकारीने फरशीमागे गोंद भरायला बसला. सुवर्णा खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभी होती.

"असू द्या की. फरशी कुठं पळून जातीय?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अहो, मी काय म्हणते..."

"तेवढी पिचकारी दे इकडं," तो म्हणाला होता.

तिने पिचकारी दिली होती. ती काय म्हणणार होती ते राहूनच गेलं.

प्रवीणने फरशीच्या फटीत पातळ पत्रा घातला आणि हलक्या हाताने ती सोडवली. मागचा लेप चांगलाच फुगला होता. पण असा फुगवटा त्याने आजवर कुठे पाहिला नव्हता. ओलीचा फुगवटा वेडावाकडा पसरतो. याला कडा होत्या. त्याने चष्मा पुसला. पाच बोटं होती. खाली तळव्याचा मांसल भाग, बाजूला अंगठा.

दुसऱ्या फरशीमागे दुसरा तळवा निघाला. दोन्हींच्या मधली, जरा वरची फरशी भरीव वाजत होती, तरी त्याने ती काढली. तिथे वाटीएवढा गोल उंचवटा होता. कपाळाचा. जिथे भार पडत गेला, तिथेच लेप तडकून पुन्हा पुन्हा चुन्याने भरला होता.

ओल किती जुनी, यावरून वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांत भांडणं लागत. ती मिटवायला त्याच्याकडे थरमापी नावाचं छोटं यंत्र होतं. लेप जागा झाला की दर वेळी चुन्याचा एक पापुद्रा चढतो, पावसाळ्यातला काळपट, उन्हाळ्यातला पांढरा. यंत्र ते पापुद्रे पडद्यावर दाखवतं. प्रवीणने ते एका तळव्यावर टेकवलं. काळपट पट्टे दोन होते. दोन पावसाळे. मधले पापुद्रे इतके दाट, की एकही दिवस सुटला नसावा. आणि वर वर येताना ते जाड होत गेले होते. टेकणारीचा भार वाढत गेला होता.

तो खाली उपड्या बादलीवर बसला.

सुवर्णा एका सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता कोसळली होती. डॉक्टर म्हणाले होते, अचानक झालं, कुणाच्या हातात नव्हतं. एवढ्या एका वाक्यावर त्याने आजवर दिवस काढले होते. आणि इथे भिंत सांगत होती, की ती दोन वर्षं रोज दोन्ही हात टेकून, कपाळ लावून, लागलेला दम ओसरायची वाट बघत उभी राहत होती. शॉवर चालू ठेवून, म्हणजे धाप बाहेर ऐकू जायला नको. आणि बाहेरून हा ओरडायचा, "किती वेळ गं? टाकी रिकामी करतीस काय?" "आले, आले," ती म्हणायची. बाहेर येऊन हसायचीसुद्धा. त्याने भिंतीचा आजार ओळखला होता, भिंतीवर औषधही केलं होतं. तो रडू लागला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानेही नळ सोडला.

मग त्याने नळ बंद केला, डोळे पुसले आणि खरवडणी हातात घेतली. जुना लेप पुरता निघाल्याशिवाय नवा धरत नाही. चार हात मारले असते तर सगळं भुकटी होऊन गेलं असतं. पोटुशी पोरगी, तिला आता कशाला सांगायचं? आईच्या आठवणीने ती आधीच रोज रडत होती.

पण त्याचा हात चालेना. गेल्या आठवड्यात इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आईला हृदयाचा काही जुना त्रास? असे आजार लेकीकडे येऊ शकतात, म्हणून विचारते." आणि ऋतुजाच्या आधी तोच बोलला होता, "छे हो, ती एकदम ठणठणीत होती. अचानक गेली." बाई मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळल्या होत्या. त्याच्या त्या शब्दांवर त्या लेकीचं बाळंतपण करणार होत्या.

"ऋतू, आत ये जरा," त्याने हाक मारली. "पाय जपून टाक."

ती कमरेवर हात ठेवून आली. भिंतीकडे बघून आधी हसली. "हे काय ओ पप्पा, नक्षी काढलीय का?" मग तिने त्याचा चेहरा बघितला.

"तुझी आई," तो म्हणाला. "तिला दोन वर्षं त्रास होत होता, ऋतू. इथं टेकून उभी राहायची. तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

ऋतुजाची नजर एका तळव्यावरून दुसऱ्यावर गेली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. मग पुढे होऊन तिने आपले हात त्या हातांवर ठेवले. बोटावर बोट बसलं. तिने मान झुकवली, तेव्हा कपाळही नेमकं त्या उंचवट्यावर टेकलं. चण आईचीच होती. तिचे खांदे वरखाली होत होते. तो पाठीवरून हात फिरवायला जवळ गेला, तेव्हा त्याला वाटलं, ती हुंदके देतेय.

ती धापा टाकत होती. बाहेरच्या खुर्चीपासून इथवर चालण्याची ती धाप होती.

"पप्पा," भिंतीला कपाळ लावूनच ती म्हणाली, "सासरी आंघोळ करताना मी पण अशीच उभी राहते की. सगळे म्हणतात, या दिवसांत दम लागायचाच. लागतो ना ओ सगळ्यांना?"

प्रवीणने खरवडणी बाजूला ठेवली. त्याने तिचे दोन्ही हात भिंतीवरून सोडवले आणि आपल्या हातांत धरले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.