जवळ्याच्या पिशवीवरची लेन्स

"पुष्करदादा, हसायचं असेल तर खाली जाऊन हस!" मनवा करवादली.

"हसू नको तर काय करू? बोट कुठली, ढग कुठला, कळतंय का काही?" पुष्करने कॅमेऱ्याचा स्क्रीन तेजस्वीपुढे धरला. "मी आधीच म्हटलं होतं, स्वस्तातली झूम लेन्स म्हणजे नवशिक्यांना फसवायचे धंदे!"

वरळी कोळीवाड्याच्या बंधाऱ्यावर तिघं उभी होती. मनवा आणि तिचा चुलतभाऊ पुष्कर सुट्टीत दादरहून इथे आले होते, मनवाच्या वर्गातल्या तेजस्वीकडे. कॅमेरा आणि ती लांबलचक लेन्स मनवाला मावशीने वाढदिवसाला दिली होती. बिचारी दोन दिवस ती उशाशी घेऊन झोपली होती!

तेजस्वीला मात्र हसू आलं नाही. पंधरा दिवसांत तिच्या बाबांचं, जगनकाकांचं, जाळं तीनदा फाटलं होतं. त्यांचा संशय शेजारच्या रामजीकाकांवर. लहानपणापासून एका होडीत बसलेले हे दोघे आता समोरासमोर आले की माना फिरवायचे. उद्या संध्याकाळी गावाच्या बैठकीत जगनकाका त्यांचं नाव घेणार होते.

"एकदा चारचौघांत चोर म्हटलं ना, की संपलंच गं," तेजस्वी म्हणाली. "रामजीकाकांनी मला पोहायला शिकवलंय! ते असं करतील?"

जाळं फाटलं ते वार मनवानेच आठवायला लावले होते. शनिवार, रविवार, पुन्हा रविवार! सुट्टीच्याच दिवशी का बरं? म्हणून आज शनिवारी तिघं पाळतीवर बसली. आणि दिवस मावळताना एक पांढरी स्पीडबोट जाळ्यांची खूण म्हणून लावलेल्या लाल बावट्यांमधून भर्रकन गेलीही! मनवाने वीस फोटो काढले. वीसच्या वीस काळे आणि हललेले. नंबर वाचायची सोयच नाही!

मनवाचे डोळे भरले. नाक ओढत ती मागचे फोटो बघू लागली आणि एकदम ओरडली, "अरे, हा बघा!"

दुपारी चारला काढलेला बगळ्याचा फोटो. पीस न् पीस मोजून घ्या!

"तेव्हा ऊन होतं आणि कॅमेरा कठड्यावर टेकवला होता," मनवा भराभर बोलू लागली. "आत्ता उजेड कमी, सूर्य बोटीच्या मागे आणि माझे हात लटलटत होते!"

"महागडी लेन्स असती तर संध्याकाळीही निघाला असता," पुष्कर म्हणाला.

"ती नाहीये ना! आहे तिला काय लागतं ते देऊ. उद्या सकाळी यायचं. ऊन आपल्या पाठीवर असेल."

"आणि टेकायला काहीतरी मऊ हवं," तेजस्वी म्हणाली. "थांब, आईकडे आहे!"

रविवारी सकाळी तेजस्वीची आई, गुणवंतीकाकू, अंगणात जवळा, ती इवलीशी कोळंबी, वाळत घालत होती. "काय गो, फोटो काढायला जवळा कशाला?" असं म्हणत तिने सुक्या जवळ्याची एक पिशवी भरून दिली. कठड्यावर पिशवी आणि पिशवीत रुतलेली लेन्स. कशी अगदी पाळण्यात ठेवल्यासारखी!

"शी! मी श्वास कुठून घेऊ?" पुष्करने नाक धरलं.

"घेऊच नकोस, कॅमेरा हलतो!"

साडेनऊला बोट आली. खट्, खट्, खट्! मनवाने स्क्रीनवर फोटो मोठा केला. बोटीचा नंबर लख्ख! मागच्या इंजिनाला अडकलेला लाल बावटासुद्धा!

पर्यटकांना फिरवून बोट धक्क्याला लागताच पुष्कर पुढे झाला. चेहरा कसा, देवघरातल्या समईसारखा! "काका, त्या लाल झेंड्यांमधून नेता का? फोटो भारी येतील!"

"नेतो की!" चालक निलेश खूश झाला. "नेहमीचा शॉर्टकट आहे आपला, शनिवार-रविवार!"

"मग हे बघा," मनवाने कॅमेरा पुढे करून फाटलेल्या जाळ्याचं सांगितलं.

निलेशचा चेहरा खर्रकन उतरला. "खाली जाळी होती? आयला, मला वाटलं झेंडे सजावटीचे आहेत!"

संध्याकाळी बैठकीत जगनकाका बोलायला उठले, तोच तेजस्वी धावत आली. "बाबा, आधी हा फोटो बघा!" मागोमाग निलेश हात जोडून उभा. नवं जाळं घेऊन द्यायचं कबूल करूनच तो गेला. पण जगनकाकांची मान खालीच.

"रामजी, मी तुझं नाव घेणार होतो रे," ते कसेबसे म्हणाले.

रामजीकाकांनी बाह्या सरसावल्या. मग म्हणाले, "फाटलेलं जाळं आण. नवं येईपर्यंत तेच शिवू."

"शाब्बास पोरांनो!" सगळी बैठक म्हणाली. "आता या दोघांचा फोटो काढा!"

बैठक भरली होती ती गल्ली अरुंद. मनवाची पाठ भिंतीला टेकली, तरी एकच काका दिसत होते.

"जवळ सरका ना! लेन्समध्ये दोघं मावत नाहीत!"

दोघे वीतभर सरकले.

"आणखी!"

"आता काय मांडीवर बसू याच्या?" रामजीकाका म्हणाले. जगनकाकांना हसू फुटलं आणि त्यांनी रामजीकाकांच्या खांद्यावर हात टाकला.

खट्!

"लेन्स चांगली आहे गं तुझी," पुष्कर हळूच म्हणाला.

फोटो जरासा हललाच. मनवाला हसू आवरत नव्हतं ना! तरी गुणवंतीकाकूने तो मोठा करून दाराशी लावलाय. त्याला अजून जवळ्याचा वास येतो, असं पुष्कर शपथेवर सांगतो.