वनाचं एक ताट

“पुन्हा धुळ्याकडचीच आणली. हिच्याही हाताला चव नाही. मी आपलं पार्सल आणत जाईन.”

झुलाल नाना हे मिक्सरच्या आवाजात बोलले, पण हर्षालीनं मिक्सर नेमका तेव्हाच बंद केला होता. मिक्सर फिरत असताना या घरातली माणसं खरं बोलतात, हे तिला लग्नाच्या सातव्या आठवड्यात कळलं. चटणी वाटून झाली होती, तरी तिनं बटण पुन्हा दाबलं आणि भांडं थोडा वेळ उगाच फिरवलं.

नाना म्हणजे तिच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. एसटीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली. पिंप्राळ्यात कुठं काय खावं हे नानांना विचारायचं, असा घरात रिवाज होता. उत्तर मात्र कुठं खाऊ नये एवढंच मिळायचं. दुसरा रिवाज याहून जुना. घरातल्या शेवटच्या पुरुषाचं जेवण झाल्याशिवाय बायकांनी पानावर बसायचं नाही. नानांचं पार्सल दहाच्या आत कधी संपत नसे. सासूबाईंना त्याची सवय झाली होती. हर्षाली दोनदा डोकं धरून उपाशीच झोपली होती. धुळ्याकडच्या शिरपूरहून आई फोनवर विचारायची, जेवलीस का? ती हो म्हणायची.

त्या शनिवारी पावणेदहाला वीज गेली. सासरे शेतावर गावी, नवरा कंपनीत रात्रपाळीला. हर्षालीनं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी झाकल्या, सासूचं आणि आपलं अशी दोन पानं मांडून ठेवली. सासूबाईंनी दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि बाहेरच्या जिन्यानं सगळे गच्चीवर गेले. दीर हेमंत जेवून आला होता, शेजारचा श्रेयांस होता. श्रेयांस जैन. त्याचं जेवण सूर्य असतानाच उरकायचं. हर्षालीला त्याचा रोज हेवा वाटे.

नाना पार्सलची पुडी सोडवत होते.

“नाना, उद्या माझे चार मित्र येताहेत,” हेमंत म्हणाला. “आपल्या खाऊगल्लीत जेवायला कुठं न्यायचं?”

“कुठं नेतोस? त्या सिंध्याचं दालपकवान म्हणजे तेलात बुडवलेला पुठ्ठा. मारवाडी भोजनालयात डाळीला साखर.”

“आमच्या डाळीत साखर नसते, नाना,” श्रेयांस म्हणाला.

“म्हणूनच तुमचीही बेचव. बिर्याणीवाल्याच्या हंडीत बोटी शोधायला बॅटरी लागते. अण्णाचं सांबार पिऊन फक्त तहान भागते. आणि आपला शेवभाजीवाला तर नुसता लाल रंग विकतो.”

“मग हे पार्सल कुणाचं?”

“त्याचंच.”

हर्षाली अंधारात हसली. नावं ठेवायची आणि बोटं चाटायची, दोन्ही कामं एकाच तोंडानं.

“मग तिथंच बसून गरम का नाही खात?” हेमंतनं विचारलं.

नानांचा हात पुडीवर थांबला.

“बसत नाही. कौतिकचं झालं तेव्हापासून नाही. आमच्या डेपोतला कौतिक. त्याच्यावर गुदरलेलं सांगतो, खोटं असेल तर हा घास घशाखाली न उतरो.”

मुलं सरकून जवळ आली.

“तीन वर्षं झाली. मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. कौतिकची बायको जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेराव्याला वना मंडपवाल्याकडून एकशे एक ताटं भाड्यानं आणलेली, ती परत करायला कौतिक रिक्षा घेऊन गेला. वनानं मोजली. शंभर. पुन्हा मोजली. शंभरच. त्याच्या प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं, दुसऱ्याचं ताट चालायचं नाही. कौतिक म्हणाला, गेलं असेल कुठं. आणि भूक लागली म्हणून गल्लीत शिरला. वाजले होते सव्वानऊ.”

“घरी कोणी करणारं नव्हतं का?” श्रेयांस म्हणाला.

“करणारी होती तेव्हा तरी कुठं घरी जेवायचा! बाई वाईट नव्हती रे. पण तिकडची, धुळ्याकडची. हाताला चव नाही. हा गल्लीत जेवून अकराला घरी जायचा. ती दोन पानं मांडून बसलेली. हा म्हणायचा, मी जेवलो. ती म्हणायची, ‘मी थांबेल शे.’ म्हणजे थांबलेय. तीस वर्षं हेच.”

“मग ती जेवायची केव्हा?”

“ते... कौतिकनं कधी विचारलं नाही. सकाळी तिच्या ताटात एक मिरचीचं देठ दिसायचं, तेवढं.”

हर्षालीला खाली मांडून ठेवलेली दोन पानं आठवली.

“तर तो शेवभाजीवाल्याकडं बसला. पोऱ्यानं दोन ताटं मांडली. कौतिक म्हणाला, एकटाच आहे रे. पोऱ्या म्हणाला, बाई हात धुताहेत ना.”



“कौतिक उठला. म्हणाला, पोऱ्या भांग पिऊन आहे. मारवाड्याकडं गेला. तिथं महाराजांनी दोन थाळ्या लावल्या. ‘माजी को भी बिठाओ, खडी क्यों हैं?’ कौतिक उठला. सिंध्याकडं, दोन बश्या. बिर्याणीवाल्याकडं, दोन प्लेटा. ज्यांना ज्यांना त्यानं जन्मभर नावं ठेवली, त्या सगळ्यांना ती दिसत होती. त्यालाच नाही.”

“मग?”

“शेवटी अण्णाकडं. अण्णा दुकान बंद करत होता. कौतिकनं मान खाली घातली. बाजूला बघायचंच नाही, असं ठरवलं. जेवला. एक घास... दुसरा घास... बाजूला कोणीतरी खात होतं. घाई नाही. आवाज नाही. नुसता... भाकरी मोडल्याचा.”

“अण्णाकडं भाकरी?” हेमंत कुजबुजला.

“नसते.”

खालून कुत्रं ओरडलं आणि गप्प झालं.

“मग त्यानं बघितलं. ताट रिकामं. पुसल्यासारखं. काठावर मिरचीचं देठ. आणि ताट... अण्णाचं नव्हतं. काठावर नाव होतं. वनाचं.”

“ते परत दिलं?”

“पळाला. पण कानाशी...”

“काय?”

पुडीचा कागद नुसताच वाजत होता.

“काय, नाना?”

“...मी थांबेल शे.”

मग अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, भाजी निवडताना येतो तसा साधा.

“कौतिकची बायको परवा बाजारात भेटली मला. मेथी घेत होती.”

हेमंत नानांकडं बघत राहिला. दिवाणखान्यातल्या हार घातलेल्या फोटोतली नानांची बायको, भिकुबाई नानी, कपाळावर पदर, हर्षालीला आठवली. तिला ती कधी भेटली नव्हती. ‘हिच्याही’ म्हणजे आणखी कुणाच्या, हे मात्र आता कळलं.

वीज आली. सगळे खाली उतरले. सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. हर्षाली पहिली स्वयंपाकघरात गेली.

तिनं दोन पानं मांडली होती.

तीन होती.

दोन स्वच्छ, कोरडी, तशीच. मधलं जेवलेलं. पुसल्यासारखं. भरिताच्या भांड्यात एका हाताची खोबण, भाकऱ्यांतली एक कमी. काठावर मिरचीचं देठ, अजून हिरवं.

“आई, हे ताट आपलं आहे?”

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

हर्षालीनं ताट उजेडात धरलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. वना मंडप, पिंप्राळा.

नाना दारात उभे होते. एका हातात अर्धं पार्सल, दुसरा हात चौकटीवर. एसटीत तीस वर्षं लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हटलेला माणूस उंबरा ओलांडेना. हर्षालीला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

आणि तेवढ्यातही, निव्वळ सवयीनं, सासूबाई म्हणाल्या, “थांब गं जरा. नानांचं पार्सल संपायचंय.”

हर्षालीनं वनाचं ताट धुतलं नाही. होतं तिथंच, मधे ठेवलं. आपलं पान ओढलं, भरीत वाढून घेतलं, भाकरी मोडली. सात आठवड्यांत या घरात तिनं तोंडातून बाहेर पडू न दिलेली बोली तिच्या तोंडात आली.

“नानी जेवी गयी, नाना. आते मी थांबत नही.”