माश्या परतेपर्यंत

दादाला आणि त्याच्या पंधरा पेट्यांना वादळाआधी पठारावरून खाली आणायचं, एवढ्यासाठीच आम्ही दोघी, मी आणि वहिनी, निघालो होतो. या आठवड्याचा अंदाज हवामान कार्यालयात मीच लिहिला होता: शनिवार-रविवारी वादळ आणि गारा, पुढचा आठवडा गारठ्याचा. पठारावर फोन लागत नाही आणि मधमाश्या पाळणारा माझा भाऊ फुलोरा सरेपर्यंत खाली उतरत नाही. ओढ्याला पाणी चढेल, तिकडे फिरकायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. शनिवारी पहाटेचा जप आटोपला आणि वहिनीच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसले.

"साहेबांना वाटत असेल, तू ऐकलंस," वहिनी म्हणाली.

"ऐकलं की. मानलं कुठं?"

ओढ्यावरच्या फरशीवरून तेव्हा जेमतेम घोटाभर पाणी वाहत होतं. पुढे चढावर दरड आली होती. वहिनीने पहार घातली, मी खांदा लावला. धोंडे एकेक करून दरीत गेले. दुपारी वर पोचलो तेव्हा सगळं पठार पिवळ्या फुलांनी झाकलेलं होतं आणि त्याच्या मागे, आभाळाला टेकलेली, ढगांची काळीनिळी भिंत उभी होती.

दादा काही हलेना. त्याच्या धंद्यात पेटीचं दार दिवसा लावत नाहीत. निम्म्या माश्या फुलांवर होत्या. पेट्या हलवल्या तर त्या जुन्या जागी येऊन घिरट्या घालतील आणि गारांत मरतील. नवऱ्यालाच आधी दोरीने बांधून ट्रॉलीत टाकते, अशी धमकी वहिनीने देऊन पाहिली. तो पेट्यांसमोर मांडी घालून बसला.

मी त्याच्याजवळ बसले. "दादा, वादळाच्या पुढे गार वारा येतो. गारठा लागला की त्या आपणहून घरी येतील. तोवर थांबू. नंतर एक क्षणही नाही."

"आणि नाही आला वारा तर?"

"अंदाज माझा आहे. येईल."

ट्रॉली पेट्यांना भिडवली, दोर सोडून ठेवले आणि वाट बघत बसलो. गडगडाट जवळ येत होता. वहिनी भिंतीकडे डोळे वटारून बघत होती. मी मनातल्या मनात नाम घेत होते.

मग मानेवर गारवा लागला. गवत एकदम आडवं झालं. फुलांवरून तपकिरी रेघा सुटल्या, शेकडो, हजारो, थेट पेट्यांकडे! दारांवर चेंगराचेंगरी झाली. शेवटची माशी आत शिरली आणि दादा उठला. दार लाव. उचल. ठेव. दार लाव. उचल! अखेरच्या दोन पेट्या चढवताना पाठीवर गारा फुटत होत्या.

ओढा आता ओळखू येत नव्हता. फरशी गढूळ पाण्याखाली गेली होती, कडा दिसत नव्हती. दादा कमरेला दोर बांधून पहारीने ठोकत पुढे चालला, मागून ट्रॅक्टर. निम्म्यात आलो आणि ट्रॉलीचं मागचं चाक कडेवरून घसरलं! पेट्या कलंडल्या. ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊ लागलं.

दादा वळला. त्याने पेट्यांकडे पाहिलं नाही, वहिनीकडे पाहिलं.

"पिन काढ! सोड ट्रॉली!"

मी ट्रॉली जोडणाऱ्या पिनेकडे हात घातला.

"हात काढ तिथून," वहिनी म्हणाली. "सोडायला आले होते का मी?" तिने पहिला गिअर टाकला. दादाने धावत येऊन पहार चाकाखाली सरकवली आणि मी खाली उडी मारून पहारीवर सगळा भार टाकला. इंजिन ओरडलं. चाक जागीच फिरलं, फिरलं, आणि कडेची पकड घेऊन वर आलं!

पलीकडच्या काठावर चढलो आणि पाठीमागे फरशीचा एक तुकडा पाण्याबरोबर निघून गेला.

दादाने एकेका पेटीला कान लावला. पंधराही पेट्यांना. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"जिवंत आहेत," तो म्हणाला. "आणि भयंकर चिडल्यात."

"चिडू देत," वहिनी म्हणाली आणि गारेने फुटलेल्या कपाळावरचं रक्त पुसून तिने ट्रॅक्टर पुन्हा सुरू केला.